गणवेश एकाचा, देश दुसऱ्याचा

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत लात्व्हियाची कॉलेजच्या वयाची पोरं जर्मनीकडूनही लढत होती आणि रशियाकडूनही. त्यांना हिरो म्हणायचं, नाझी म्हणायचं की बळी? असा गुंत्याचा विषय शोधायचा कसा आणि लिहायचा कसा?

समजा, तुम्ही वीस वर्षांचे आहात. साल १९४३, शहर रिगा. तुमच्या देशावर जर्मनांचा कब्जा आहे आणि एक दिवस घरी कागद येतो. तपासणीला हजर व्हा. १९१९ ते १९२४ या काळात जन्मलेल्या मुलांना पहिल्यांदा बोलावलंय, म्हणजे तुमच्या वर्गातली जवळपास सगळी मुलं त्यात आली. कागदावर पर्याय आहेत. लढणाऱ्या तुकडीत जा, जर्मन सैन्याची हमाली करा किंवा युद्धाच्या कारखान्यात राबा. हजरच झाला नाहीत तर शिक्षा. जंगलात पळालात तर घरच्यांचं काय?

आता खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

लगेच उत्तर देऊ नका. कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्याला ८० वर्षं मिळालीत आणि त्या पोरांना काही दिवस मिळाले होते. दुसरं म्हणजे, या प्रश्नात एक गोष्ट अजून आलेलीच नाही. ती पुढे येईल आणि आली की तुमचं उत्तर हलेल.

तुम्ही म्हणाल, लात्व्हियाशी आपलं काय घेणंदेणं? युरोपच्या नकाशावर बाल्टिक समुद्राच्या काठी असलेला हा इवलासा देश. युद्धाआधी लोकसंख्या २० लाखांच्याही आत. पण इतिहासात, पत्रकारितेत किंवा नुसतं नीट लिहिण्यात ज्याला रस आहे, त्याच्यासाठी हा विषय म्हणजे जिमच आहे. इथे सोपं वाक्य लिहिलं की ते चुकतंच.

एका वर्षात दोन मालक

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. लात्व्हिया १८ नोव्हेंबर १९१८ ला स्वतंत्र झाला. २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी करार केला आणि गुपचूप पूर्व युरोप वाटून घेतला. याच वाटणीत पोलंडचे दोन तुकडे झाले. रशियानं हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी काही हजार जण फिरत फिरत कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात पोचले. म्हणजे ज्या कराराची झळ लात्व्हियाला बसली, त्याचीच एक ठिणगी पंचगंगेच्या काठापर्यंत आली होती.

जून १९४० मध्ये सोव्हिएत रणगाडे लात्व्हियात शिरले आणि ऑगस्टमध्ये देश सोव्हिएत संघात विलीन झाला. १४ जून १९४१ च्या रात्री सुमारे १५ हजार माणसांना घरातून उचलून मालगाड्यांत भरलं आणि सैबेरियाकडे पाठवलं. त्यात बायका, म्हातारे, तान्ही मुलं सगळे होते. त्यानंतर जेमतेम आठवड्यानं, २२ जूनला, हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि १ जुलैला जर्मन सैन्य रिगात होतं.

ज्यांच्या घरातली माणसं नुकतीच मालगाडीतून गेली होती, त्यातल्या अनेकांना जर्मन हे सुटका करणारे वाटले. हे समजून घ्यायला हवं, पण समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. कारण लगेच पुढचं पान उलटतं आणि ते फार काळं आहे.

जर्मन आल्यापासून लात्व्हियातल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत रिगाजवळच्या रुंबुलाच्या जंगलात सुमारे २५ हजार ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. युद्ध संपेपर्यंत लात्व्हियातले सुमारे ७० हजार ज्यू मारले गेले. हुकूम जर्मनांचा होता, पण हात फक्त त्यांचे नव्हते. व्हिक्टर्स आराइस नावाच्या लात्व्हियन माणसाच्या टोळीनं गावोगाव फिरून ज्यूंना ठार मारलं. या आराइसला १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयानं जन्मठेप दिली आणि तो तुरुंगातच मेला.

मघाशी न सांगितलेली गोष्ट ती हीच. १९४३ ला वीस वर्षांच्या त्या मुलाला भरतीचा कागद आला तेव्हा त्याच्या शहरातले बहुतेक स्थानिक ज्यू मारले गेलेले होते.

‘स्वयंसेवक’ नावाचा शब्द

फेब्रुवारी १९४३ मध्ये हिटलरच्या हुकुमानं लात्व्हियन लीजन उभं राहिलं. पुढे त्यात दोन डिव्हिजन झाल्या, पंधरावी आणि एकोणिसावी. दोन्ही वाफेन-एसएसच्या, म्हणजे एसएस या नाझी संघटनेच्या लढाऊ शाखेच्या. नावात ‘स्वयंसेवक’ हा शब्द होता. का, तर व्यापलेल्या देशातल्या माणसांना आपल्या सैन्यात जबरदस्तीनं ओढायला हेगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी होती. मग काय, सक्तीलाच स्वयंसेवा म्हणून टाकलं!

आता बघा, लिहिणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. तुम्ही ‘स्वयंसेवक’ लिहिलंत तर जर्मनांचा खोटेपणा पुढे चालवलात. ‘सगळे सक्तीनं भरती झालेले’ लिहिलंत तरी खोटं, कारण काही जण खरंच आपणहून गेले होते. आराइसच्या टोळीतले आणि आधीच्या पोलीस बटालियनमधले लोकही पुढे लीजनमध्ये आले. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच गणवेशात, शेजारी शेजारी एक घाबरलेला विद्यार्थी आणि एक सराईत खुनी उभा असू शकत होता.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं १९४६ मध्ये एसएसला गुन्हेगारी संघटना ठरवलं, पण ज्यांना सरकारनं दुसरा पर्यायच न ठेवता भरती केलं आणि ज्यांनी गुन्हे केले नाहीत त्यांना त्यातून वगळलं. १९५० मध्ये अमेरिकेच्या निर्वासितांविषयीच्या आयोगानं बाल्टिक देशांच्या तुकड्या जर्मन एसएसपेक्षा वेगळ्या मानल्या. लीजनच्या बाजूनं बोलणारे हे दोन्ही निकाल दाखवतात. विरोधात बोलणारे रुंबुला दाखवतात. दोघांचेही कागद खरे आहेत.

आणि हो, दुसरी बाजूही विसरू नका. जर्मनांच्या वेगवेगळ्या दलांत लाखाहून जास्त लात्व्हियन होते, तर रशियाच्या लाल सेनेतही लाखाच्या आसपास लात्व्हियन लढले. तिथेही सगळे आपल्या मर्जीनं नव्हते. १९४४ मध्ये लाल सेना लात्व्हियात परत आली तशी तिनंही गावागावातून पोरं उचलली. एका घरातला थोरला इकडे आणि धाकटा तिकडे, असंही झालं.

शेवटचे सात महिने

१३ ऑक्टोबर १९४४ ला रिगा लाल सेनेच्या ताब्यात गेलं. इथून पुढे ८ मे १९४५ पर्यंतचा काळ म्हणजे आपला विषय. या सात महिन्यांत लात्व्हियन सैनिकांच्या वाटा फुटल्या आणि प्रत्येक वाट वेगळ्या ठिकाणी जाऊन संपली.

पहिली वाट कुर्लंडची. देशाच्या पश्चिमेच्या या भागात जर्मन सैन्य समुद्राला पाठ लावून कोंडलं गेलं. लात्व्हियाची एकोणिसावी डिव्हिजन त्यातच होती. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत इथे सहा मोठ्या लढाया झाल्या. डिसेंबर १९४४ मधली तिसरी लढाई ‘नाताळची लढाई’ म्हणून ओळखली जाते. तुकुम्स आणि साल्दुस या गावांकडच्या शेतांत, जंगलांत, चिखलात आणि बर्फात ती झाली. समोरून येणाऱ्या लाल सेनेत १३० वी लात्व्हियन कोअर होती. दोन्ही खंदकांतून एकाच भाषेत शिव्या आणि एकाच भाषेत ‘आई गं’ ऐकू येत होतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कुर्लंड शेवटपर्यंत पडलं नाही. बर्लिन पडलं, हिटलर मेला, तरी इथे लढाई चालूच. ८ मे ला जर्मनीनं शरणागती पत्करली तेव्हाच इथल्या बंदुका थांबल्या आणि सुमारे दोन लाख सैनिक रशियाच्या कैदेत गेले. जर्मन सैनिक वर्षानुवर्षं छावण्यांत राहिले. लात्व्हियनांवर तर देशद्रोहाचा शिक्का होता, कारण मॉस्कोच्या हिशेबानं ते सोव्हिएत नागरिक होते. काही जण शरण न जाता जंगलात शिरले आणि पुढची काही वर्षं तिथूनच लढत राहिले.

दुसरी वाट जर्मनीतली. पंधरावी डिव्हिजन १९४४ मध्ये रशियाच्या हल्ल्यात पार मोडली होती. तिला जर्मनीला नेऊन नव्या पोरांनी भरलं आणि जानेवारी १९४५ मध्ये पोमेरानियात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, लाल सेनेसमोर उभं केलं. ना पुरेशी शस्त्रं, ना पुरेसं प्रशिक्षण. बर्फातून माघार घेताना माणसं शेकड्यांनी गेली. एप्रिलमध्ये उरलेल्या काही तुकड्यांना हुकूम आला, बर्लिन वाचवायला चला. त्यांचा अधिकारी होता कर्नल विलिस यानुम्स. त्यानं हुकूम बाजूला ठेवला, बर्लिनला वळसा घातला आणि पश्चिमेकडे चालत सुटला. २७ एप्रिलला एल्ब नदीजवळ आपल्या सुमारे आठशे माणसांसह त्यानं अमेरिकन सैन्यापुढे शस्त्रं ठेवली.

त्याच डिव्हिजनची एक बटालियन मात्र बर्लिनमध्येच अडकली आणि मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत शहराच्या मध्यभागी लढत राहिली. हिटलरची राजधानी राखणाऱ्या शेवटच्या माणसांत लात्व्हियन होते, ही गोष्ट आजही अनेकांना चक्रावून टाकते.

तिसरी वाट ना इकडची ना तिकडची. लात्व्हियातल्या काही पुढाऱ्यांनी गुप्तपणे एक परिषद बनवली होती. जर्मनही नकोत आणि रशियनही नकोत, आम्हाला आमचा देश हवा, असं तिचं म्हणणं. १७ मार्च १९४४ च्या त्यांच्या निवेदनावर १८८ जणांनी जीव धोक्यात घालून सह्या केल्या. या परिषदेशी संबंध असलेल्या जनरल यानिस कुरेलिस यांनी कुर्लंडच्या जंगलात माणसं जमवली. जर्मनांना संशय आला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी कुरेलिसच्या माणसांना घेरलं. काही लढून मेले, काही अधिकाऱ्यांना लिएपाया शहरात गोळ्या घातल्या, अनेकांना छळछावणीत पाठवलं.

चौथी वाट समुद्रातून गेली. मे १९४५ मध्ये काही सैनिक होड्यांतून स्वीडनला पोचले. वाटलं, सुटलो! पण रशियानं त्यांना परत मागितलं आणि तटस्थ म्हणवणाऱ्या स्वीडननं जानेवारी १९४६ मध्ये १४६ बाल्टिक सैनिक त्याच्या हवाली केले. त्यात बहुतेक लात्व्हियन होते. त्यांनी उपोषणं केली, स्वतःला जखमा करून घेतल्या, काहींनी जीव दिला. तरी जहाज गेलंच.

आता शोधायचं कसं?

समजा, तुम्हाला यातल्या एखाद्या माणसावर लिहायचंय. सर्च केलंत की दोन प्रकारची पानं समोर येतात. एकात सगळे शूर स्वातंत्र्यसैनिक, दुसऱ्यात सगळे नाझी कसाई. दोन्ही बंद करा आणि कामाला लागा.

पहिलं काम नावाचं. लात्व्हियन भाषेत पुरुषांच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘स’ येतो. जर्मन कारकून तो उडवायचा, ‘यानिस’चा सरळ ‘योहान’ करायचा. रशियन कारकून त्याचा ‘यान’ करून वर मध्ये वडिलांचं नाव घालायचा, आपल्याकडे घालतात तसंच, जे लात्व्हियन लोक एरवी लावत नाहीत. त्यामुळे एकच माणूस तीन फायलींत तीन माणसं होऊन बसतो. गावांचंही तेच. लिएपायाचं जर्मन नाव लिबाउ, येल्गावाचं मिटाउ, साल्दुसचं फ्राउएनबुर्ग. पोमेरानियातल्या गावांची जर्मन नावं जाऊन पोलिश नावं आली. जुना नकाशा शेजारी नसेल तर तुम्ही एकाच गावाला दोन गावं समजून हिंडत बसाल.

दुसरं काम आकड्याचं. सैनिकाच्या कागदावर रेजिमेंटचा क्रमांक शोधा. ३२, ३३, ३४ म्हणजे पंधरावी डिव्हिजन. ४२, ४३, ४४ म्हणजे एकोणिसावी. एवढ्या एका आकड्यावरून कळतं की १९४५ चा हिवाळा त्या माणसानं पोमेरानियात काढला की कुर्लंडमध्ये. यानुम्स ३३ व्या रेजिमेंटचा. ‘आजोबा ३३ मध्ये होते आणि कुर्लंडमध्ये शेवटपर्यंत लढले’ असं कुणी सांगितलं, तर थांबून पुन्हा विचारा. बदली झाली असेल किंवा आठवण सरमिसळ झाली असेल.

तिसरं काम म्हणजे प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारायचे. कुणी लिहिला? कधी लिहिला? कुणासाठी लिहिला? खंदकात लिहिलेली डायरी वेगळी. परदेशात स्थायिक झाल्यावर लिहिलेल्या आठवणी वेगळ्या, कारण लिहिणाऱ्याच्या मनात सहकाऱ्यांची बाजू मांडायची असते. सोव्हिएत कोठडीतला जबाब तर अजूनच वेगळा, तो कोणत्या अवस्थेत दिला असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. आणि १९९१ मध्ये लात्व्हिया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर म्हाताऱ्यानं कॅमेऱ्यासमोर सांगितलेली हकीकत वेगळी, तिच्यावर मधल्या पन्नास वर्षांचा थर असतो. यातलं काहीही फेकून द्यायचं नाही आणि कशावरही एकट्यावर भिस्त ठेवायची नाही.

चौथं काम, शत्रूचे कागद वाचा. जर्मन सैन्याचे कागद फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. लाल सेनेच्या नोंदींचा मोठा साठा रशियानं डिजिटल केलाय. नाझी छळाच्या नोंदी जर्मनीतल्या आरोल्सेन अभिलेखागारात आहेत. लात्व्हियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलीत. रिगाच्या युद्ध संग्रहालयात आणि व्याप्ती संग्रहालयात वस्तू आणि मुलाखती आहेत. भाषा येत नाही? भाषांतराचं ॲप सुरुवातीला चालतं. पण ज्या वाक्यावर तुमचा अख्खा लेख उभा आहे, ते वाक्य भाषा येणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्या.

जिथे सगळे अडखळतात

एक अवघड उदाहरण घेऊ. पोमेरानियात पोडगाये नावाचं गाव आहे, तेव्हाचं फ्लेडरबोर्न. १९४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पंधराव्या डिव्हिजनचे लोक तिथे लढत होते. त्याच लढाईत ताब्यात घेतलेल्या तीसहून अधिक पोलिश सैनिकांना ठार मारण्यात आलं. तारांनी बांधून कोठारात जाळलं, असं पोलंडमध्ये सांगितलं जातं आणि तिथे स्मारकही आहे. पोलंडमधल्या प्रचलित कथनात दोष लात्व्हियन सैनिकांवर येतो. दुसरे अभ्यासक म्हणतात, गावात जर्मन तुकड्याही होत्या, त्यांचं काय?

तुम्ही कसं लिहाल? ‘लात्व्हियनांनी जाळलं’ असं लिहून मोकळे व्हाल, की विषय नकोसा वाटतो म्हणून गाळूनच टाकाल? दोन्ही वाटा सोप्या आहेत. नीट वाट अशी, की ज्यावर वाद नाही ते आधी लिहायचं. माणसं मेली, ती कैदी होती. मग कोण काय म्हणतं आणि कशाच्या आधारावर म्हणतं ते लिहायचं. ‘वादग्रस्त’ हा शब्द वापरून मेलेल्या माणसांना मात्र वादात ढकलायचं नाही. वाद मारणाऱ्याच्या नावाबद्दल आहे, मरणाऱ्यांबद्दल नाही.

हे काम ज्यांनी केलंय त्यांच्याकडे बघा. स्वीडनचा लेखक पेर ओलोव्ह एन्क्विस्ट यानं १९६८ मध्ये ‘द लीजनेअर्स’ नावानं इंग्रजीत आलेली कादंबरी लिहिली, स्वीडननं परत पाठवलेल्या त्या १४६ जणांवर. त्यानं कागद चाळले, माणसांना गाठलं, सोव्हिएत लात्व्हियात जाऊन परत पाठवलेल्यांना भेटला. पुस्तकात तो स्वतःला ‘शोध घेणारा’ म्हणतो आणि आपल्या शंकाही वाचकासमोर ठेवतो. पुढच्या वर्षी त्याला नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. टीकाही झाली. सोव्हिएत राजवटीत त्याला भेटलेली माणसं मोकळेपणानं बोलू शकत होती का? हा प्रश्न रास्त आहे आणि कुठल्याही मुलाखतीला विचारायला हवा.

लात्व्हियात जन्मून अमेरिकेत शिकवणारे इतिहासकार आंद्रिएव्ह्स एझेर्गाइलिस यांनी तर अजून अवघड काम केलं. आपल्याच समाजाच्या माणसांनी ज्यूंच्या हत्याकांडात काय केलं, यावर त्यांनी १९९६ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. लीजनवरही त्यांनी कागदपत्रांचा संग्रह काढला आणि शीर्षकातच प्रश्न विचारला, हिरो, नाझी की बळी? आपल्या माणसांबद्दल खरं लिहायचं आणि आपल्या माणसांवर खोटा आरोप होऊ द्यायचा नाही, ही दोन्ही कामं एकच माणूस करू शकतो, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

दगड उभे राहतात, दगड पडतात

वाटतं ना की हा जुना इतिहास झाला? मग हे ऐका. युद्धानंतर बेल्जियममधल्या झेडेलगेमच्या छावणीत सुमारे १२ हजार लात्व्हियन युद्धकैदी होते. त्यांच्या आठवणीत २०१८ मध्ये त्या गावात मधमाश्यांच्या पोळ्यासारखं एक शिल्प उभं राहिलं. थोड्याच काळात प्रश्न आला, एसएसमधल्या माणसांचं स्मारक आमच्या गावात का? खूप वाद झाला आणि २०२२ मध्ये ते काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिगात ७९ मीटर उंचीचं सोव्हिएत विजयाचं स्मारक पाडलं गेलं. एकाच वर्षात दोन्ही गणवेशांची स्मारकं गेली.

लात्व्हियात दरवर्षी १६ मार्चला लीजनच्या सैनिकांची आठवण काढली जाते. १९९८ मध्ये तो अधिकृत दिवस झाला आणि २००० मध्ये सरकारी यादीतून निघाला. तरी लोक फुलं घेऊन येतात, विरोध करणारेही येतात. मॉस्को म्हणतं, बघा, लात्व्हिया नाझींचा देश आहे. मग लात्व्हियातले काही जण इतके चिडतात, की रुंबुलाचा उल्लेखही त्यांना शत्रूचा प्रचार वाटतो. अशा वेळी एक तपासलेलं वाक्य किती मोलाचं असतं!

आणि आपल्या घरी?

आता जरा घराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला, म्हणजे यानुम्स शरण जाण्याच्या अठरा दिवस आधी, इटलीतल्या सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवलं आणि तोच सन्मान मिळवला. त्याच वेळी जर्मनीच्या बाजूनं नेताजींनी युद्धकैद्यांमधून उभं केलेलं आझाद हिंद लीजन होतं, सुमारे अडीच-तीन हजार माणसांचं. नेताजी पूर्वेला निघून गेल्यावर, ऑगस्ट १९४४ मध्ये, हे लीजनही वाफेन-एसएसकडे वर्ग झालं. तिकडे इंफाळच्या रणांगणावर १९४४ मध्ये आझाद हिंद सेनेतले हिंदी सैनिक ब्रिटिशांच्या हिंदी सैनिकांसमोर उभे होते.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, त्या सारख्या करूही नका. भारतीय लीजन आणि लात्व्हियन लीजन कसे उभे राहिले, कुठे लढले, याचे तपशील वेगळे आहेत. पण ‘परक्याच्या गणवेशात आपला देश शोधणारी माणसं’ हा प्रश्न आपल्याला परका नाही, एवढं नक्की.

साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घरटी फौजी माणूस असणारं. सातारा, कोकण, कोल्हापूर भागातल्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले’ असा संगमरवरी दगड चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत दिसतो. त्यावर फक्त आकडा असतो. नावं? ती कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदावर किंवा आजीच्या बोलण्यात असतात. आजी आहे तोवरच असतात.

लात्व्हियन सैनिकांवर शिकलेली सगळी पद्धत इथे जशीच्या तशी चालते. नावाची इंग्रजी स्पेलिंग बघा, ‘जाधव’चे कितीतरी प्रकार सापडतील. बटालियनचा आकडा शोधा. पत्र कुणी लिहिलं, कधी लिहिलं ते विचारा, कारण निरक्षर शिपायाचं पत्र दुसराच कुणी लिहायचा आणि सेन्सॉर ते वाचायचा. आणि आजोबा फौजेत का गेले, या प्रश्नावर ‘देशासाठी’ किंवा ‘पोटासाठी’ असं एका शब्दाचं उत्तर मिळालं, तर अजून एक प्रश्न विचारा.

लिहायला बसाल तेव्हा

चार गोष्टी भिंतीवर चिकटवा.

एक. गटाबद्दल लिहिताना ‘सगळे’ हा शब्द आला की थांबा. सगळे खरंच सगळे आहेत का, बघा.

दोन. माणूस काय करू शकला असता, हे त्याला तेव्हा जे माहीत होतं त्यावरून ठरवा. पण त्याला काय माहीत होतं, हेही शोधा. ‘त्याला काही कल्पनाच नव्हती’ हे वाक्य फुकटात देऊ नका.

तीन. त्याच्यावर झालेला अन्याय आणि त्याच्या बाजूनं झालेला अन्याय एकाच लेखात यायला हवा. सैबेरियाला गेलेली मालगाडी लिहिलीत तर रुंबुलाचं जंगलही लिहा. जंगल लिहिलंत तर मालगाडीही लिहा. एकानं दुसरं फिटत नाही.

चार. शेवटी निकाल द्यायलाच हवा असं नाही, पण पुरावा जिथे स्पष्ट आहे तिथे गप्प बसणं हाही पळपुटेपणाच. आराइस खुनी होता. तिथे ‘दोन बाजू’ नाहीत.

आता सुरुवातीचा तो प्रश्न पुन्हा घ्या. वीस वर्षं वय, हातात भरतीचा कागद, मागे गेलेली मालगाडी आणि शहराबाहेर ते जंगल. उत्तर अजूनही पटकन येत असेल, तर थोडं अजून वाचा. अडखळत येत असेल, तर वही उघडा आणि लिहायला सुरुवात करा.